लाल चिठ्ठीची बादली

मी फटाक्यांना भिते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण फटाके तपासण्याचाच मी पगार घेते. दिवाळीत आमच्या गल्लीत पहिली माळ लागली की मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेते आणि नवरा बाहेरून ओरडतो, "तपासनीस बाई, बाहेर या, माल पास करायचाय!" शेजारपाजारचे हसतात. मीही आतून हसते, पण कानात कापूस असतो आणि हाताचे तळवे ओले झालेले असतात.

हिंगोलीत गावाबाहेर आमची छोटी प्रयोगशाळा आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर दुकानांतून, गोदामांतून, कधी धाडीत सापडलेल्या मालातून नमुने आमच्याकडे येतात. टेबलावरचं काम माझं. फटाका कापायचा, आतली दारू चिमूटभर काढायची, काचेच्या तबकडीत घेऊन तिच्यावर द्रावणाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. मग मागच्या मैदानातलं काम. तिथं सिमेंटचा एक गोल ओटा आहे. फटाका ओट्याच्या मधोमध ठेवायचा, चार मीटरवर आवाज मोजायचं यंत्र उभं करायचं आणि वात पेटवायची. शेवटी प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी लावायची. हिरवी म्हणजे दुकानात विकायला हरकत नाही. पिवळी म्हणजे मोकळ्या मैदानात, जाणत्या माणसानेच उडवायचा. लाल म्हणजे कुणीच नाही. तो माल नष्ट करायचा. रंग आम्ही आमच्या सोयीसाठी ठरवले आहेत, पण चिठ्ठीमागची जबाबदारी सोयीची नाही. मी हिरवी लावलेला फटाका कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी हातात जाणार, हे डोक्यातून जात नाही. त्या महिन्यात मला झोप कमीच लागते.

वात मी कधी पेटवली नाही. ते काम आमचे शिपाई करायचे. मी त्यांना मामा म्हणते. डोंगरकड्याच्या अलीकडे त्यांचं गाव, थोडी शेती, आठवडाभर हिंगोलीत खोली करून राहायचं आणि शनिवारी प्रयोगशाळेतल्या झाडांना पाणी घालून गावी जायचं. सगळ्या जगाला रामराम घालणारा हा माणूस मला मात्र आवर्जून "जय भीम म्याडम" म्हणायचा, आणि मी त्यांना रामराम म्हणायचे. लांब बांबूच्या टोकाला ते उदबत्ती बांधायचे, शांतपणे ओट्यापाशी जायचे, वात धरली की झपाझप मागं यायचे. मी तोवर भिंतीच्या आडोशाला असायचे. यंत्राजवळ कुणीतरी हवं, असं मी कारण सांगायचे. खरं तर यंत्र आपलं आपण नोंद घेतं. मी भिंतीमागून डोळे मिटून मोठ्यानं आकडे मोजायचे, एवढंच माझं मैदानातलं काम. नऊ वर्षं असं चाललं होतं, आणि मामांना कशाचीच भीती वाटत नाही असं मी धरून चालले होते. काही माणसं असतातच तशी, असं मी घरीही सांगायचे.

त्या वर्षी एका शुक्रवारी धाडीतला माल आला. सुतळी बॉम्ब. खोक्यावर ना कारखान्याचं नाव, ना तारीख. मी एक फोडला, दारूवर थेंब टाकला, तर तबकडी निळी पडली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा निळी. मी खुर्ची मागं सरकवली आणि उभी राहिले. त्या दारूत क्लोरेट होतं, आणि गंधक तर होतंच. हे दोन एकत्र घालायला बंदी आहे ती उगाच नाही. अशा दारूला पेटवायला काडी लागत नाही. नुसती घासली, दाबली, वरून पडली तरी ती उडू शकते. आणि मी नुकताच तो बॉम्ब पातीनं कापला होता. मी बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ हात धुतले.

मैदानातली चाचणी मी रद्द केली. उरलेले चाळीस बॉम्ब एकेक करून, श्वास रोखून, पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडले. बादलीला लाल चिठ्ठी लावली. मामा दारात उभे होते.

"उडवून न्हाई पाहायचे का, म्याडम?"

"नाही. भिजू द्या. सोमवारी पोलिसांना बोलावून विल्हेवाट लावू."

"बरं झालं," ते म्हणाले. मला वाटलं, काम वाचलं म्हणून म्हणाले.

मी वहीत नोंद करायला बसले. घर्षणाने स्फोट संभवतो, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मामा बादलीत डोकावत होते. आठवडाभर त्यांची एकच तक्रार होती, रोह्यांची, म्हणजे नीलगाईंची. तुरीत रोही शिरून राहिलेत, रात रात हाकलावं लागतंय, माणसाला तकलीफ नुसती. त्यांनी विचारलं, "म्याडम, भिजलेली दारू वाळली की पुना चालते का?"

"चालते थोडीफार," मी वहीतून मान वर न काढता म्हणाले.

लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. मला घरी जायची घाई होती. आणि खरं सांगायचं तर नऊ वर्षांत वहीतला शेवटचा रकाना मी त्यांना कधीच वाचून दाखवला नव्हता. तो साहेबांसाठी असतो, असं माझ्या डोक्यात होतं.

सोमवारी मी आले तेव्हा बादली पालथी घातलेली होती. स्वच्छ घासलेली. लाल चिठ्ठी काढून, भिंतीवरच्या खिळ्याला नीट अडकवून ठेवलेली. टेबलावर मामांचा रजेचा अर्ज होता, सोयाबीनच्या कामासाठी एक दिवस. मी त्यांना फोन लावला, तर तो टेबलाच्या खणात वाजायला लागला. शनिवारी चार्ज करून खणात ठेवलेला फोन ते विसरून गेले होते.

मी खणातला तो वाजणारा फोन बघत राहिले. वाळली की चालते का, असं माणसानं विचारावं आणि आपण चालते म्हणावं. रोह्यांची तक्रार आठवडाभर ऐकूनही माझ्या डोक्यात काही म्हणता काही पेटलं नव्हतं. शनिवारी त्यांनी ते नेले असणार. शनिवार, रविवार, आणि आता सोमवार. कडक ऊन होतं. ते वाळले असणार.

त्यांच्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत मी मागितला नव्हता. पोलिसांना फोन करायला हवा होता, पण मी केला नाही. हे लिहायला अजून जड जातं. लाल चिठ्ठीची बादली दोन दिवस कुणाच्या भरवशावर सोडली, असं ते पहिलं विचारतील, हे माझ्या मनात आलं. एका माणसाच्या घरात मरण वाळत पडलेलं असताना मला माझ्या नोकरीची भीती वाटली. मी स्कूटी काढली आणि निघाले.

कळमनुरी सुटेपर्यंत मी स्वतःला समजावत होते की ते अजून ओले असतील. सुतळीच्या आत पाणी हळू जातं, तसंच हळू बाहेर येतं. पुढं बाळापूरच्या रस्त्यावर रस्त्याच्या कडेनं जिकडं तिकडं सोयाबीन पसरलेलं दिसायला लागलं. डांबरावर, ओट्यांवर, ताडपत्र्यांवर. बायका त्यात अनवाणी उभ्या राहून पायांनी ते परतत होत्या. दोन्ही पाय घासत चालायचं, म्हणजे दाण्यांत सरी पडते, खालचा ओला दाणा वर येतो. मीही लहानपणी हे केलेलं आहे. तळव्यांना छान गुदगुल्या होतात. त्या बायकांचे घासत चाललेले पाय मी पाहिले आणि स्कूटीच्या मुठीवरचा माझा हात सैल पडला. वाळत घातलेली वस्तू आपल्याकडे कशी परततात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

फाट्यावरच्या टपरीत मी मामांचं आडनाव सांगून घर विचारलं. ते गावाच्या कडेलाच होतं. फाटक उघडं होतं. आत अंगणभर ताडपत्री आणि तिच्यावर सोयाबीन. मधोमध एक बाई, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, पाय घासत येरझारा घालत होती. मामी. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या पायांच्या आजूबाजूला, दाण्यांत अर्धेमुर्धे बुडालेले, लिंबाएवढे सुतळीचे गोळे दिसत होते.

"या की, बाई. बसा," त्या म्हणाल्या आणि पाय पुढं सरकवला.

"मामी, थांबा!" माझा आवाज चिरकला. "पाय उचलू नका. हलूच नका."

"काहून? साप हाय का?"

"ते गोळे. त्यांना पाय लावू नका. ते घासले तरी उडतात."

त्या खाली बघून हसल्या. "भिजलेले हायत ते. ह्यांनी आणलेत रोह्याला. सकाळी एकडाव परतले, आता दुसऱ्यांदा परतून राहिले. न्हाई काही होत."

सकाळी एकदा परतले. मी फाटकाचा खांब धरला. "मामी, मी तेच तपासते. मामा ज्यांच्याकडं कामाला आहेत ना, ती मी. माझ्यावर विश्वास ठेवा."

मग त्या हसायच्या थांबल्या. एक पाय जरासा तिरका होता, तो तसाच राहिला. गोळे एका कडेला वेगळे ठेवले होते, पण गोलच ते, सकाळच्या परतण्यात घरंगळत सगळीकडं गेले होते. मी मोजले. सव्वीस दिसत होते. वहीत चाळीस. म्हणजे चौदा दाण्यांखाली कुठंतरी होते, आणि कुठं ते कुणालाच माहीत नव्हतं. काहींच्या सुतळीवर पांढरा पापुद्रा आला होता, जुन्या माठावर येतो तसा. आतलं क्लोरेट पाण्यात सुटून, वाळताना वर येऊन बसलं होतं. जिथं घासायचं, नेमकं तिथंच.

"मंग या की तुमी," मामी म्हणाल्या. "हात द्या मला."

मी गेले नाही. जावं असं वाटत होतं, पण पाय उचलत नव्हते. किती अंतरावर थांबलेय हे मी न मोजता सांगू शकले असते. चार मीटर. सवयच तशी. त्या तिथं एका पायावर भार देऊन उभ्या, कपाळावरून घाम ओघळतोय, आणि मी इथं खांब धरून. त्यांचा पाय अवघडला असता, तोल गेला असता, तर मी बघत राहिले असते. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात घरामागून मामा आले. पाठीला फवारणीचा पंप. तूर फवारता फवारता पाणी संपलं म्हणून भरायला आले होते. मला पाहून त्यांनी "जय भीम म्याडम" म्हणायला तोंड उघडलं आणि माझं तोंड बघून मिटलं. मी त्यांना सगळं सांगितलं. शुक्रवारी दोन मिनिटांत सांगायचं होतं ते. सांगायला खरंच दोन मिनिटंच लागली.

ते खाली बसले, पुन्हा उठले.

पंप पाहून मला एवढं सुचलं की गोळे भिजवायचे. बादलीनं ओतलं तर धारेनं गोळे घरंगळले असते. फवारा बारीक असतो. ओल्या दारूला घासण्याचं तेवढं भय राहत नाही. मामांनी टाकीवर पंप विसळून चांगल्या पाण्यानं भरला, पाठीला लावला आणि दांडा हाणायला हात खाली नेला. हात दांड्यावर ठरेना. थरथरत होता. दुसऱ्या हातानं त्यांनी तो धरला, तर दोन्ही थरथरायला लागले.

"म्याडम, मला जमून न्हाई राहिलं," ते म्हणाले.

"ह्यांचं असंच व्हतं," मामी तिथूनच म्हणाल्या. आवाज अगदी खाली ठेवून, जसा काही आवाजानंही ते उडतील. "तुमच्याकडं फटाके लावायचे असले की आदल्या दिसापासनं भाकर उतरत न्हाई ह्यांना. खोलीवरनं फोन करून लेकरावानी बोलतेत. लेकीला बी लावू देत न्हाईत घरी एक फुलबाजी. तुमाला सांगितलं न्हाई का कधी?"

नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं. बरं झालं, असं शुक्रवारी ते का म्हणाले, ते मला त्या अंगणात कळलं.

मी मामांच्या पाठीवरचा पंप काढला आणि माझ्या पाठीला लावला. पट्टे ओले होते, ओझं खांद्यांत रुतलं. ताडपत्रीच्या कडेला उभी राहून मी दांडा हाणायला लागले. शूर झाले म्हणून नव्हे. पण तिथं तिघं होतो, एक हलू शकत नव्हती, एकाचे हात चालत नव्हते, आणि उरलेली मी होते. आधी लांबून सगळीकडं फवारा मारला. मग पायापुढच्या दाण्यांवर ते चिंब होईपर्यंत. मग खाली बसून बोटांनी दाणे हलके बाजूला केले, ताडपत्री दिसली की तिथं पाऊल ठेवलं. पुन्हा फवारा, पुन्हा बोटं. तिसऱ्या पावलाला बोटाला सुतळी लागली. मी हात तसाच ठेवला. किती वेळ ते माहीत नाही. माझ्या मागं मामा ढसाढसा रडत असल्याचं ऐकू येत होतं.

"बाई," मामी हळूच म्हणाल्या, "सोयाबीन भिजून राहिलं सगळं."

मला हसू आलं. त्या परिस्थितीत. "भिजू द्या, मामी."

मी त्या गोळ्यावर भरपूर पाणी मारलं, त्याला वळसा घालून जागा केली आणि पुढं सरकले. सात पावलं होती. पंप दोनदा संपला. मी आले त्याच पावलांनी मागं जायची, मामा ताडपत्रीबाहेरून बादलीनं पंप भरायचे, आणि मी पुन्हा आत. शेवटी मामींचा हात माझ्या हातात आला. कोरडा, खरखरीत, आणि माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर. त्यांचा पाय सुजल्यासारखा बधिर झाला होता. मी दाखवत गेले तिथं तिथं त्यांनी पाय सरळ वरून ठेवला, न घासता, आणि आम्ही बाहेर आलो. घराच्या ओट्यावर बसून त्या बधिर पाय चोळायला लागल्या. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

मग मी पोलिसांना फोन केला. कोण बोलतेय, माल कुठला, बादली कुणी सोडली, सगळं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा सकाळी ज्या गोष्टीची भीती वाटली होती ती किती लहान होती, हे बघून मला स्वतःचा राग आला. पथक आलं, त्यांनी ते चिंब सोयाबीन ओंजळीओंजळीनं चाळलं. एकोणचाळीस सापडले. चाळिसावा मामी जिथं उभ्या होत्या तिथंच निघाला. त्यांच्या टाचेपासून वीतभर.

पथक गेल्यावर मामींनी चहा केला. कप माझ्यापुढं ठेवून त्या म्हणाल्या, "तुमी भिताडामागं असता म्हणं, हे लावतेत तवा."

"हो."

"भ्या वाटतं तुमाला?"

"खूप."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नव्हत्या. नुसतं बघितलं, एकदा माझ्याकडं आणि एकदा टाकीपाशी बसलेल्या मामांकडं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कार्यालयानं खुलासा मागितला. मामांचं नाव त्यात यायला नको म्हणून मी धडपडले, पण ते आलंच. वाळली की चालते असं मी सांगितलं होतं, हे मी पहिल्या ओळीत लिहिलं. ताकीद दोघांनाही मिळाली. आता वहीतला शेवटचा रकाना मी लिहिला की मोठ्यानं वाचते, आणि मामा ऐकून तो मला परत सांगतात. बराबर सांगितला तरच चिठ्ठी लागते.

पुढच्या वर्षी पहिला नमुना मैदानात गेला त्या सकाळी मामा नेहमीप्रमाणे बांबूला उदबत्ती बांधत होते. मी तो त्यांच्या हातातून घेतला.

"म्याडम, तुमाला न्हाई जमायचं."

"तुम्ही भिंतीमागं जा. आकडे मोजा."

ओट्यापर्यंतचं अंतर मला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. उदबत्तीचं टोक इतकं हलत होतं की वात सापडेना. सापडली, चुरचुरली, आणि मी पळत आले, बाईमाणसानं कार्यालयात कसं पळू नये तशी. भिंतीमागून मामांचा आवाज येत होता. एक, दोन, तीन. दहा झाले, वीस झाले. फटाका वाजला नाही.

न वाजलेला फटाका सगळ्यांत वाईट. तो संपलेला असतो किंवा थांबलेला असतो, आणि कोणतं ते लांबून कळत नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबायचं, मग कुणीतरी जाऊन त्याच्यावर पाणी घालायचं. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. मामांनी खिशातून सुपारी काढली, मला दिली. अर्धा तास झाला तेव्हा मामा उठायला लागले, इतकी वर्षं उठत आले तसे, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. मी बादली उचलली आणि ओट्याकडं निघाले.